इंटच्या अ‍ॅरेला कास्ट पुरत नाही

गेल्या रविवारी कोपरखैरण्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने लॅपटॉप पुढे सरकवला. ‘ताई, नोट्समध्ये आहे तसंच केलंय, तरी एक्सेप्शन येतंय.’ म्हणजे चालताना चूक आढळून प्रोग्रॅम थांबत होता. इंटरव्ह्यूसाठी ग्रुपमधून फिरणाऱ्या या नोट्स मी महापेच्या ऑफिसात नव्या मुलांकडेही पाहिल्यात. त्यातला सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा दावा असा: इंट (पूर्णांक) व्हॅल्यू टाईप, म्हणजे आकडा स्वतःजवळच ठेवणारा, म्हणून इंटचा अ‍ॅरेही (एकाच प्रकारच्या खणांची ओळ) व्हॅल्यू टाईप; त्याचा ऑब्जेक्ट अ‍ॅरे करायला नुसता कास्ट (एक प्रकार दुसरा म्हणून वापरायला सांगणं) पुरतो, कारण सगळं ऑब्जेक्टपासूनच येतं; आणि त्याला खर्च काही नाही. मुलं हे पाठ करून इंटरव्ह्यूला जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा सरळ चूक आहे. आत काहीही असो, अ‍ॅरे हा कायम रेफरन्स टाईपच, म्हणजे नावाजवळ वस्तू नसते, तिचा पत्ता असतो. ‘अ’ हा अ‍ॅरे असताना ‘ब = अ’ लिहून ‘ब’चा पहिला आकडा ९९ केला की ‘अ’चाही ९९ होतो. वेगळी प्रत हवी तर क्लोन करावा लागतो.

खरी गोम कास्टमध्ये आहे. त्या मुलीने स्ट्रिंग.फॉरमॅटला (मजकुरातल्या मोकळ्या जागा भरणारी मेथड) दोन जागांसाठी नावांचा स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा, अ‍ॅरे दिला होता, तो व्यवस्थित छापला गेला. तसाच गुणांचा इंट अ‍ॅरे दिला आणि फॉरमॅट एक्सेप्शन आलं. का? त्या मेथडला ऑब्जेक्ट अ‍ॅरे हवा असतो. स्ट्रिंग अ‍ॅरेच्या प्रत्येक खणात रेफरन्स असतो, ऑब्जेक्ट अ‍ॅरेच्या खणातही रेफरन्सच, म्हणून तो तसाच चालून जातो. इंट अ‍ॅरेच्या खणात चार बाइटचा आकडा स्वतः बसलेला असतो. वाशीच्या फळबाजारात एका पेटीत हापूस आहेत आणि दुसरीत ‘आंबा अमुक गाळ्यात’ अशा चिठ्ठ्या. वरचं लेबल बदलून आंब्यांच्या चिठ्ठ्या होत नाहीत. त्यामुळे फॉरमॅटने अख्खा इंट अ‍ॅरे एकच वस्तू धरला आणि दुसऱ्या जागेसाठी त्याच्याकडे काही उरलं नाही. थेट कास्ट लिहिला तर कंपायलरच अडवतो. आधी ऑब्जेक्टमध्ये ठेवून त्याला चकवलं, तर प्रोग्रॅम चालताना इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन. उलट त्याच आडवाटेने इंटचा अ‍ॅरे यूइंटचा (ऋण नसलेले पूर्णांक) म्हणून चालतो, कारण दोन्हीकडे खण चार बाइटच्या पूर्णांकाचाच.

खर्च नाही म्हणणाऱ्याने एकदा हिशोब मांडावा. रूपांतर करायचं तर अ‍ॅरे.कन्व्हर्टऑलसारख्या मेथडने नवा अ‍ॅरे बनतो आणि प्रत्येक आकडा बॉक्स होतो, म्हणजे वेगळ्या वस्तूत गुंडाळला जातो. सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या ६४ बिटच्या डॉटनेटमध्ये १० लाख इंट म्हणजे सुमारे ४० लाख बाइट. तेच ऑब्जेक्ट अ‍ॅरेत घेतले की प्रत्येकी ८ बाइटचा रेफरन्स आणि २४ बाइटचा बॉक्स, म्हणजे ३ कोटी २० लाख. शिवाय नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला सांभाळायला १० लाख नव्या वस्तू. आणि मूळ अ‍ॅरेत नंतर काही बदललं तर नव्याला पत्ताच नसतो.

नोट्स लिंकचा (LINQ, याद्यांवर काम करणाऱ्या मेथड्सचा संच) कास्टही सुचवतात. ऑब्जेक्टसाठी तो चालतो, पण तोही बॉक्सच करतो. इंटवरून लाँगसाठी (मोठा पूर्णांक) वापरलात तर टूअ‍ॅरे म्हणताक्षणी फसतो, कारण बॉक्समधला इंट थेट लाँग म्हणून बाहेर काढता येत नाही. तिथे प्रत्येक आकडा बदलून देणारं सिलेक्ट वापरा.

स्ट्रिंगचा चालून जाणारा कास्टही निर्धोक नाही. त्या ऑब्जेक्ट अ‍ॅरेत इंट ठेवून बघा, अ‍ॅरे टाईप मिसमॅच एक्सेप्शन येतं. आतून तो अजून स्ट्रिंगचाच अ‍ॅरे आहे. ही सवलत जेनेरिक्सच्या (कुठल्याही प्रकारासाठी एकदाच कोड लिहिण्याची सोय) आधीची, जेव्हा सगळ्या अ‍ॅरेंसाठी एकच मेथड लिहायला दुसरा मार्ग नव्हता. २००५ साली सी शार्प २.० मध्ये जेनेरिक्स आले, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी रूपांतराची गरजच राहिलेली नाही.

तिच्या प्रोग्रॅममध्येही नव्हती. अ‍ॅरेऐवजी दोन्ही गुण वेगवेगळे दिले आणि ‘७२, ८५’ स्क्रीनवर आलं.