सहस्रचंद्र आणि एक फ्लॅश

छायाचित्रणात मी नैसर्गिक प्रकाशाचा कट्टर पुरस्कर्ता आहे, असे गेली बारा वर्षे मी चारचौघांत सांगत आलो आहे. फ्लॅश म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या तोंडावर मारलेला पाण्याचा हबका आणि खिडकीतला उजेड म्हणजे साजूक तूप, ही माझी ठरलेली वाक्ये असून ऐकणाऱ्याला ती बहुधा पटतात. खरी गोष्ट एवढीच आहे की, मला फ्लॅश वापरता येत नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनापर्यंत हे गुपित सुरक्षित होते.

साडेएकोणतीस दिवसांना एक पौर्णिमा या हिशेबाने माणूस ८१ व्या वर्षात हजार चंद्र पुरे करतो. आजीने ते केले आणि समारंभ आमच्या सदाशिव पेठेतल्या घरीच करायचे ठरले. फोटोंचा विषय निघताच थोरले काका म्हणाले, "घरात एवढा मोठा फोटोग्राफर असताना बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे?" या वाक्यात 'मोठा' हा शब्द केवळ पादपूरणार्थ आहे, हे कळण्याइतका पुणेकर मी आहे.

माझी सारी भिस्त दिवाणखान्याच्या खिडकीवर होती, कारण ती उत्तरेकडे आहे. जुन्या स्टुडिओंची मोठी तावदाने मुद्दाम उत्तरेला ठेवीत असत. तिकडून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा, मऊ राहतो. ही माहिती मी घरातल्या प्रत्येकाला दोनदा ऐकवली. आमच्या उत्तरेला आठ फुटांवर शेजारची इमारत आहे आणि तिने नुकताच अंगाला गुलाबी रंग लावून घेतला आहे, त्यामुळे उत्तरेचा तो सुप्रसिद्ध उजेड आमच्याकडे गुलाबी होऊन पोचतो. तरीही सकाळी आजीला खिडकीजवळ बसवून मी एक फोटो काढलाच. चेहऱ्याचा एक भाग उजळलेला, दुसरा हळूहळू सावलीत विरघळणारा, नथीच्या मोत्यावर उजेडाचा एकच ठिपका. मी स्वतःवरच खूश झालो आणि उरलेला दिवस याच तत्त्वावर काढायचे ठरवले.

पण गुरुजींना आधी दोन वास्तुशांती उरकायच्या होत्या. त्यामुळे औक्षणाला संध्याकाळचे साडेसात वाजले आणि माझा नैसर्गिक प्रकाश नियमाप्रमाणे मावळला. तेव्हा कणकेचे ८१ दिवे मांडलेली परात पाहून मी जाहीर केले की ट्यूबलाइट बंद करा, आपण केवळ दिव्यांच्या उजेडात फोटो काढू. (तेलाचा दिवा नैसर्गिक की कृत्रिम, हा प्रश्न धाकट्या आत्याच्या यजमानांनी तिथल्या तिथे उपस्थित केला, ते निवृत्त प्राध्यापक आहेत.) दिवे विझू नयेत म्हणून पंखाही बंद झाला. महिना मे, माणसे अठ्ठावीस. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० वर नेला, भिंग १.८ पर्यंत सताड उघडले, तरी शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या पुढे सरकेना, आणि तेवढ्या वेळात जे हलेल ते फोटोत फरपटणारच. आजीला मी क्षणभर स्थिर बसायला सांगितले. तिने ऐकले नाही असे नव्हे, तिला ऐकूच आले नाही. लेकीसुना परात ओवाळू लागल्या आणि परात फिरवणे हाच ओवाळण्याचा अर्थ असल्यामुळे फोटोत ज्योतींच्या जागी जिलब्या उमटल्या.

"अरे, फ्लॅश मार की!" हा आवाज आत्याच्या सासरच्या बाजूने आला, म्हणजे आता माघार शक्य नव्हती. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला.

पहिल्या फोटोत सगळ्यांचे डोळे अंगारासारखे लाल आले. अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असतात, फ्लॅश भिंगाला चिकटून असतो, आणि त्याचा उजेड डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावर आपटून नेमका भिंगातच परत येतो. यावर कॅमेऱ्यात उपाय आहे. आधी थोडा उजेड पाडून बाहुल्या आकसू द्यायच्या आणि मग खरा फ्लॅश मारायचा. मात्र आधीचा उजेड पडताच मंडळींना फोटो निघाला असे वाटले आणि ती जिलेबीकडे वळली. खऱ्या फोटोत अठ्ठावीस माणसांच्या पाठी आणि मधोमध एकटी आजी आहे.

खरा अनर्थ समूहचित्राने केला. फ्लॅशचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाच हिस्सा उरतो. पुढची रांग माझ्यापासून पाच फुटांवर होती आणि मागची दहा. त्यामुळे पुढे बसलेले थोरले काका, त्यात पंखा बंद असल्याने टकलावर घाम साचलेला, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखे लखलखले, तर मागे उभी असलेली आत्याच्या सासरची मंडळी काळोखात बुडाली. "आमच्याकडच्यांना मुद्दाम काळं काढलं," हे वाक्य रात्री दहाच्या आत माझ्यापर्यंत येऊन पोचले. मी अंतराचा आणि उजेडाचा हा वर्गव्यस्ताचा नियम समजावून सांगू लागलो. प्राध्यापक म्हणाले, "नियम ठाऊक आहे. आम्हाला मागे कोणी उभं केलं, ते सांगा."

त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली ती पुण्यातच घडलेल्या एका हकिकतीने. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकी छायाचित्रकर्तीला चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचा फोटो घ्यायचा होता. तिला आधी स्वतः सूत कातायला शिकावे लागले आणि मग फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची परवानगी मिळाली, कारण तो झगझगाट गांधीजींना आवडत नसे. तिचे पहिले दोन बल्ब वाया गेले आणि तिसऱ्याने काम केले. मला कोणी साधी वात वळायलाही लावले नव्हते आणि माझे चाळीस फ्लॅश वाया गेले होते, पण वाया जाण्यात आमचे घराणे एकच होते.

दुसऱ्या दिवशी मी आजीला फोटो दाखवायला बसलो. अर्थात खिडकीतला फोटो सर्वांत आधी. बाजूने आलेल्या उजेडाने प्रत्येक सुरकुती कोरून काढली होती, आणि मला तर तेच त्यातले सौंदर्य वाटत होते. आजीने चष्मा वरखाली करून पाहिले आणि विचारले, "ही माझी आई का रे? तुला कुठे सापडला हा फोटो?"

मग तिने स्वतःच बोट फिरवत पुढचे फोटो पाहिले आणि फ्लॅशच्या एका फोटोवर थांबली. समोरून थेट आपटलेल्या उजेडाने सुरकुत्या पार सपाट झाल्या होत्या. चेहरा गोरापान, गुळगुळीत, पासष्टीचा.

"हा मोठा करून घे," ती म्हणाली. "पुढे हार घालायला हाच ठेवा. बाकी छान आलाय, पण माझ्या पाठीशी हा काळा कोण उभा आहे?"

"ती फ्लॅशची सावली आहे आजी, भिंतीवर पडलेली."

"असेना का. तेवढा पुसून टाक," आजी म्हणाली, "आणि त्याला म्हणावं, इतक्यात नको."