टिकली कुठे लावायची?

रविवारी संध्याकाळी साडेसातला चौथीतल्या मुलीला प्रोजेक्ट आठवतो. सोमवारी सकाळी तो द्यायचा असतो आणि स्टेशनरीचं दुकान आठला बंद होतं. मी चपला घालून पळालो. चार्टपेपर, डिंक आणि मुंबईचा कोरा नकाशा घेऊन धापा टाकत परत आलो, तोवर लेकीने जमिनीवर बैठक मारली होती.

विषय होता ‘माझे शहर’. नकाशात सात खुणा करायच्या होत्या. बंदराला नांगर, विमानतळाला विमान, राष्ट्रीय उद्यानाला झाड, अशा सहा खुणा दहा मिनिटांत झाल्या. सातवी होती ‘सांस्कृतिक केंद्र’ आणि तिथे लाल टिकली लावायची, असं बाईंनी सांगितलं होतं. बायकोने पाकिटातून एक टपोरी टिकली सोडवली, लेकीच्या बोटावर ठेवली आणि सहज म्हणाली, “पार्ल्याला लाव.”

हे तिने जरा हळू म्हणायला हवं होतं. शेजारच्या खुर्चीत अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपर वाचत होते. अण्णांना हल्ली ऐकू कमी येतं. दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, मी मागितलेला रिमोट, यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. ‘पार्ले’ मात्र पोचलं.

“गिरगावात लाव गं,” पेपर खाली न करता ते म्हणाले. “त्यात विचारायचं काय?”

आमच्या सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. ताटासकट बाहेर आल्या. “अण्णा, नावातच ज्याच्या गाव आहे, ते शहराचं केंद्र कसं होईल?”

“आणि बिस्किटाच्या नावाचं गाव होतं वाटतं?”

“बिस्किटाला गावाचं नाव दिलंय. गावाला बिस्किटाचं नाही!”

लेक टिकली लावलेलं बोट हवेत धरून बसली. तिला वाटलं, दोन मिनिटांत ठरेल. लग्न झाल्यापासून मीही तेच समजत होतो.

अण्णांनी पेपरची घडी घातली. सनावळी म्हणायची वेळ आली की ते असंच करतात. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. १९०१ साली त्याच गणपतीला खुद्द टिळक येऊन गेले. १९१३ साली कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९३५ साली साहित्य संघ निघाला. विरारला जाणाऱ्या गाडीची स्टेशनं सांगावीत तशी ते ही सालं सांगतात, मधे एकही चुकत नाही. “तेव्हा पार्ल्यात काय होतं, विहीणबाई? भाताची शेतं आणि डास.”

“टिळकांचं म्हणालात म्हणून सांगते,” सासूबाईंनी मटाराची शेंग मधोमध फोडली. “ते १९२० साली गेले. वर्ष व्हायच्या आत आम्ही त्यांच्या नावाने शाळा काढली. पार्ले टिळक, १९२१. पुढे दोन वर्षांत लोकमान्य सेवा संघ. तुम्ही काय केलंत? चौपाटीवर पुतळा उभारलात आणि त्याच्यासमोर भेळ खाता.”

हा वार वर्मी लागला. अण्णा भेळ खातात.

इतक्यात समोरच्या बिऱ्हाडातले काका रविवारची पुरवणी परत द्यायला आले. आमच्या मजल्यावर दारं उघडीच असतात, त्यामुळे भांडणाचा विषय वेगळा सांगावा लागत नाही. “आणि टिळक पूल कुठे आहे?” त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं. “दादरला!”

काकांचं सगळं आयुष्य शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीसमोर गेलं, असं काकू म्हणतात आणि त्यात तक्रारीचा सूर असतो. काकांच्या मते नाटक कुठेही लिहावं, कुठेही बसवावं, पण पेपरातल्या जाहिरातीत ‘शिवाजी मंदिर, दुपारी ३।।’ दिसत नाही तोवर ते नाटक फक्त तालमीत आहे. शिवाय १९७४ पासून छबिलदास शाळेत झालेले प्रायोगिक नाटकांचे प्रयोग. शिवाय १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. शिवाय शिवाजी पार्क. आणि शेवटचा हुकमी एक्का असा की, मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे भेटतात त्या दादरला. “तुमचा पार्लेकर ठाण्याला जावो की तुमचा गिरगावकर कल्याणला, गाडी बदलायला आमच्याकडेच यावं लागतं!”

“बरोबर आहे,” अण्णा शांतपणे म्हणाले. “दादर या शब्दाचा अर्थच मुळी जिना. जिन्यावर कुणी राहत नाही. चढायचं आणि पुढे जायचं.”

काका खुर्ची ओढून बसले. म्हणजे आता चहा करावा लागणार होता.

चहा येईपर्यंत गाडी पु. ल. देशपांड्यांवर आली. ती येतेच. पु. लं.चा जन्म गामदेवीचा, म्हणून ते गिरगावचे, असं अण्णा म्हणाले. शाळा पार्ले टिळक, म्हणून ते पार्ल्याचे, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या नावाची कला अकादमी रवींद्र नाट्य मंदिरापाशी प्रभादेवीला आहे आणि प्रभादेवी म्हणजे दादरच, असं काका म्हणाले. मी अण्णांकडे पाहिलं. एरवी हेच अण्णा गामदेवीला ‘ती बंगलेवाल्यांची वस्ती, आपली नाही’ म्हणतात. आणि काकांची प्रभादेवी जशी दादरला येऊन मिळते, तशी त्यांची हिंदमाता दादरपासून तुटतेही. पावसात तिथे गुडघाभर पाणी साचलं की काकांच्या लेखी ते परळ असतं. सांस्कृतिक केंद्राची हद्द फार मऊ कणकेची केलेली असते. थोर माणूस दिसला की लाटून पुढे न्यायची, गटार दिसलं की दुमडून घ्यायची.

पोळ्यांना येणाऱ्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचं माहेर परळचं, वडील गिरणीत होते. “आमच्या इकडं दामोदर हॉलला काय नाटकं व्हायची! गिरणीतलीच माणसं करायची. शाहीर यायचे, रात्ररात्र भजनं चालायची.”

“हो हो, तेही आहेच,” तिघंही एकदम म्हणाले.

एवढ्या वेळात तिघांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य. मराठीत ‘तेही आहेच’ म्हणजे ‘ते नाही’. मावशींनाही ते कळलं असावं, कारण “माझ्या पोळ्या झाल्यात, झाकून ठेवल्यात,” एवढंच म्हणून त्या चपला शोधू लागल्या. खरं तर त्याच वेळी लेकीचं बोट धरून मी टिकली लालबाग-परळच्या मधे चिकटवायला हवी होती. पण समोर वडील होते आणि सासूबाई होत्या. मी चहात साखर घातली.

दरम्यान टिकली तीनदा लागून तीनदा निघाली होती. पार्ल्याला लावली तर अण्णा चष्मा काढून डोळे चोळत, गिरगावात लावली तर बायको उसासा टाकी, दादरला लावली तर अण्णा आणि सासूबाई दोघंही कप आदळत. टिकलीचा गोंद संपत आला होता आणि नकाशावर तीन ठिकाणी कागदाची सालं निघाली होती. त्यातलं गिरगावचं साल तर थेट ग्रँट रोडपर्यंत गेलं होतं.

शेवटी लेकच म्हणाली, “आपण असं करू. जो जिथे राहतो तिथे लावू. आजोबा, तुम्ही कुठे राहता?”

खोलीत शांतता पसरली. अण्णा १९८८ पासून डोंबिवलीला राहतात. चाळीतली खोली विकून, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये. तरी कुणी विचारलं तर “आम्ही गिरगावचे, झोपायला फक्त डोंबिवलीला” असं सांगतात. म्हणजे चाळीस वर्षं होत आली, हे एका लांबलचक झोपेत आहेत. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीनेच सुरू केली. ती अण्णांच्या गॅलरीखालून जाते, ढोल अगदी काचा हलवतात. अण्णा मात्र पहाटे फेटा बांधून लोकल पकडतात आणि गिरगावची शोभायात्रा बघायला जातात. वाटेत दादरला गाडी बदलतात, हे आज त्यांनी काकांसमोर कबूल केलं नाही.

“आणि आजी तू?”

“पार्ल्यालाच की,” सासूबाई म्हणाल्या. “सध्या फक्त अंधेरीला.”

त्यांची इमारत पाडली त्याला चौथं वर्ष लागलं. त्या अंधेरीला भाड्याने राहतात आणि कोथिंबीर आणायला रिक्षा करून पार्ल्याच्या बाजारात जातात. रिक्षाचं भाडं धरलं तर त्या जुडीत चांदीची वाटी आली असती. पार्ल्यात उतरल्या की बिस्किटांचा वास येतो म्हणतात. कारखाना २०१६ साली बंद झाला.

मग लेकीने काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आम्ही दोघं एकाच मजल्यावर राहतो. आमच्या लग्नपत्रिकांवर, बारशाच्या निमंत्रणांवर ‘दादर (पूर्व)’ छापलेलं असतं. लाइटच्या बिलावर वडाळा येतं आणि ते बिल आम्ही पाहुणे आले की ड्रॉवरमध्ये टाकतो.

“मला झोप येतेय,” लेक म्हणाली.

सकाळी घाईघाईत चार्टपेपरची सुरळी करून तिला बसमध्ये बसवलं. दाढी करायला मोरीत गेलो तर आरशावर, बायकोच्या नेहमीच्या चार टिकल्यांच्या रांगेत, पाचवी टपोरी लाल टिकली होती. झोपताना सवयीने तिनेच ती तिथे चिकटवली असणार. लेकीला दहापैकी नऊ मिळाले. खाली लाल पेनाने शेरा होता, ‘सांस्कृतिक केंद्र दाखवलेले नाही. नकाशा फाडू नये.’

संध्याकाळी डोंबिवलीहून अण्णांचा फोन आला. “काय रे, टिकली लागली का शेवटी?”

“लागली की.”

“कुठे?”

“आमच्याकडेच आहे.”

पलीकडे जरा वेळ नुसताच टीव्हीचा आवाज.

“म्हणजे वडाळ्याला?” अण्णा म्हणाले. “तिथे काय आहे?”