खाड्याचा वाद आणि परदेशाचा दाखला

घरकाम करणाऱ्या बायकांच्या खाड्यांचे पैसे कापावेत की नाही, यावरून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वाद पेटला की कुणीतरी हटकून म्हणते, ‘परदेशात बघा, सगळे आपापली कामे स्वतः करतात.’ नेदरलँड्समध्ये राहून मला हे विधान अर्धवट वाटते.

या देशाच्या चित्रकलेत मोलकरीण जागोजागी भेटते, पण 17 व्या शतकातले चित्रकार बहुधा तिची चेष्टाच करत. निकोलास मासच्या 1655 मधल्या एका चित्रात भांडी जमिनीवर पसरलेली, मोलकरीण गालाला हात लावून पेंगते आहे, मांजर शिजवायला आणलेला पक्षी पळवते आहे आणि मालकीण हसून पाहणाऱ्याला तिचा प्रताप दाखवते आहे. आपल्या नाटका-मालिकांतली कामचुकार मोलकरीण याच कुळातली. त्यानंतर थोड्याच वर्षांत डेल्फ्टमध्ये व्हर्मीरने दूध ओतणारी मोलकरीण रंगवली. तिच्या बाह्या वर सारलेल्या आहेत, हात मनगटाकडे रापलेला आणि कोपराकडे गोरा आहे, आणि सारे लक्ष दुधाच्या बारीक धारेवर आहे; काम करणाऱ्या बाईकडे इतक्या आदराने पाहिलेले दुसरे चित्र मला माहीत नाही. खुद्द व्हर्मीरच्या घरी तान्नेके एव्हरपूल नावाची मोलकरीण होती आणि मालकिणीला तिच्या भावाच्या मारापासून तिने वाचवले, हे तिथल्या साक्षींमध्ये नोंदलेले आहे.

आज इथल्या घरांची झाडलोट करणाऱ्यांत फिलिपाइन्स आणि इंडोनेशियातून आलेल्या बऱ्याच बायका आहेत. अनेकींकडे राहण्याचा परवाना नाही आणि कामाचे पैसे ओट्यावर ठेवलेल्या पाकिटातून रोख मिळतात. एखाद्या घरी आठवड्यातून जास्तीत जास्त 3 दिवस काम करणारी बाई आजारी पडली, तर मालकाने तिला 6 आठवडेच पगार देणे बंधनकारक आहे. इतर नोकरदारांना तो 2 वर्षे मिळतो. हा भेद मला अन्यायाचा वाटतो. तरीही वर्षाला 4 आठवड्यांची पगारी रजा हा तिचाही कायदेशीर हक्क आहे, आणि आपल्याकडच्या वादात नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही.

पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर नोंदणीवर आणि मदतीच्या योजनांवर आहे. पगारी रजा देण्याचे बंधन तो मालकावर घालत नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा हवा का, हे तपासायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारला सांगितले. त्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे सोसायट्यांना कारण नाही. महिन्याला निदान 2 भरपगारी सुट्ट्या आणि आजारपणाचा पगार कापायचा नाही, एवढा ठराव पुढच्या सभेतही करता येईल.