अलर्ट कुठल्या रंगाचा, तेही छापा

हवामानाच्या बातम्यांत इशाऱ्यासाठी वापरला जाणारा 'अलर्ट' हा शब्द आता खेड्यातही सगळ्यांना कळतो, असं तुमच्याकडे छापून आलेल्या लेखात म्हटलंय. शब्द कळतो हो, पण बातमीतून हाती काय लागतं? हवामान विभागाचा यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. मथळ्यात मात्र रंग गळतो आणि उरतं 'विदर्भाला अलर्ट'. अहो, बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत 11 जिल्हे आहेत! नागपूरचं केंद्र इशारा जिल्हावार देतं, तो तसाच छापायला काय जातं?

आमच्या वाशीमकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी होऊन शेतात सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग, लागलेल्या असतात. मोबाइलवर 'अलर्ट' दिसला की ताडपत्रीसाठी धावाधाव, थ्रेशरवाल्याच्या विनवण्या. मागून कळतं, इशारा चंद्रपूर-गडचिरोलीला होता, तोही यलो. असं दोनचारदा झालं की खऱ्या रेडलाही लोक पारावरून उठत नाहीत. आणि मुसळधारेचा अलर्ट वेगळा, विजांचा वेगळा. पहिल्यात सुडी झाकायची असते, दुसऱ्यात ताडपत्री राहू द्या, आधी माणसं आणि बैलजोडी शेतातून काढायची असते. मथळा दोन्हीला एकच शब्द लावून मोकळा.