‘एक डॉलरही न घेता’ : म्होंगांच्या नावावर खपणारी थाप

आमच्या मिनेसोटातल्या मराठी मंडळींच्या गटात एका काकांनी परवा पुन्हा तोच संदेश टाकला. सुनीसा लीचा पदक चावतानाचा फोटो, खाली हात जोडलेले, आणि मजकूर साधारण असा : “टोकियो ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्ण जिंकणारी ही मुलगी म्होंग समाजाची. हे लोक लाओसच्या जंगलातून अनवाणी आले. अमेरिकेने दया दाखवून आसरा दिला. त्यांनी सरकारचा एक डॉलरही घेतला नाही. कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या कष्टाने पडीक जमिनी फुलवल्या आणि एका पिढीत गरिबी संपवली. निर्वासितांना फुकट खाऊ घालणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.”

सुवर्णपदक खरं आहे. ती मिनेसोटाच्या राजधानीची, सेंट पॉलचीच, आणि घरी सरावासाठी वडिलांनी लाकडी बीम (तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी) बनवून दिला होता हेही खरं. बाकीचं ओळीओळीने तपासू. (नाव इंग्रजी धाटणीने ‘हमोंग’ लिहितात. ‘म्हैस’ म्हणता येणाऱ्याला तशी गरज नाही, म्हणून मी म्होंगच लिहिते.)

आधी ती ‘दया’. १९६१पासून, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने लाओसच्या डोंगरातल्या म्होंगांना शस्त्रं आणि पगार देऊन जनरल वांग पाओच्या हाताखाली फौज उभी केली. उत्तर व्हिएतनामी सैन्याला अडवायचं, पडलेल्या विमानांतले अमेरिकन वैमानिक शोधून आणायचे, हे त्यांचं काम. अमेरिकन जनतेला या लढाईची खबर नव्हती. शेवटी शेवटी तर मिसरूड न फुटलेली पोरंही बंदुका घेऊन उभी होती. मे १९७५मध्ये कम्युनिस्टांची सरशी होऊन सगळं कोसळलं तेव्हा लाँग चेंग या त्यांच्या लष्करी तळाच्या धावपट्टीवरून विमानांनी दोन-अडीच हजार माणसं उचलली, त्यांत बहुतेक अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. हजारो लोक धावपट्टीवरच राहिले. ते पायी मेकाँगकडे निघाले, बांबूचे तराफे करून नदीत उतरले. पलीकडे पोचले ते थायलंडच्या बान विनाईसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं अडकले. मेलेल्या सैनिकांच्या नावाने अर्लिंग्टनच्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत एक शिळा बसली ती १९९७मध्ये. ज्याने तुमच्यासाठी लढून घरदार गमावलं त्याला दार उघडणं ही दया नव्हे. ती थकलेली उधारी आहे, आणि तीही पुरती फिटली असं म्हणवत नाही.

आता ‘एक डॉलरही नाही’. माझा खरा राग या ओळीवर आहे.

त्यांनी डॉलर घेतले. १९८०च्या निर्वासित कायद्याने नव्याने आलेल्या कुटुंबाला ३६ महिन्यांपर्यंत रोख मदत आणि औषधपाणी मिळे. १९८२मध्ये ही मुदत १८ महिन्यांवर आणली. तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे : ऑरेगनमध्ये आईबाप दोघे घरात असलेल्या कुटुंबाला पुढची सरकारी मदत मिळत नव्हती, कॅलिफोर्नियात मिळत होती. ऑरेगनमधल्या पोर्टलंडची म्होंग कुटुंबं बोचकी बांधून कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो-मर्सेडकडे निघाली. तिकडे नातलग होते, शेतीची आशाही होती, पण मदतीचा हिशोबही त्यात होता. इथे सेंट पॉलमध्ये कितीतरी कुटुंबांचा पहिला पत्ता म्हणजे मॅकडोनो होम्स ही सरकारी भाड्याची वसाहत. विमानतळावर गरम कोट घेऊन उभे होते ते लुथरन आणि कॅथलिक चर्चचे लोक.

यात कमीपणा कसला? चाळिशीतला माणूस, उभा जन्म डोंगरउतारावर भात पिकवण्यात आणि मग बंदूक चालवण्यात गेलेला. त्याच्या भाषेची रोमन लिपीच मुळी १९५०च्या दशकात तयार झालेली, त्यामुळे त्याने पहिल्यांदा अक्षर गिरवलं ते परक्या भाषेत, बाहेर उणे वीस तापमान असताना. ‘स्वावलंबी हो’ एवढं सांगून तो दीड वर्षात स्वावलंबी कसा होणार? युद्धात लढलेल्या म्हाताऱ्यांना इंग्रजीच्या परीक्षेविना नागरिकत्व घेता यावं, यासाठी २०००मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तोसुद्धा मदतीतच धरायला हवा.

‘कुणाच्या मदतीशिवाय’ म्हणणाऱ्याने तर म्होंग समाज लांबूनही पाहिलेला नाही. म्होंगांची १८ कुळं धरतात. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखंच. अनोळखी दोघे भेटले की आधी कूळ विचारतात आणि एकच निघालं तर त्या क्षणापासून भाऊ. आपल्याकडे भाऊबंदकी म्हटलं की कोर्टाची तारीख आठवते. त्यांच्याकडे भाऊबंद आणि सोयरे ही जोडी म्हणजेच बँक, विमा आणि पंचायत. घरात कोणी गेलं तर अंत्यविधी तीन-चार दिवस चालतो. त्याचा खर्च आणि स्वयंपाक एका घराला झेपणारा नसतो, कुळातली सगळी घरं वाटून घेतात.

आणि नेमकं हेच सरकारने सुरुवातीला तोडलं. एकाच गावावर भार नको म्हणून कुटुंबं देशभर विखरून ठेवली, एक इथे, दुसरं हजार मैलांवर. म्होंगांनी ही मांडणी स्वतःच मोडली. कळेल तसं, जुन्या गाड्यांत सामान कोंबून, भाऊ जिथे तिथे ते गोळा झाले : सेंट पॉल, फ्रेस्नो, विस्कॉन्सिनचं वॉसॉ. मग त्यांच्या स्वतःच्या संस्था उभ्या राहिल्या, दुभाषे आणि नोकऱ्या शोधून देणारे त्यांच्यातलेच. सेंट पॉलची हमोंग अमेरिकन पार्टनरशिप १९९०ची. १९९१मध्ये चुआ ली शहराच्या शाळा मंडळावर निवडून आल्या.

फरक कळायचा तर २००४ पाहावं. थायलंडच्या वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाच्या आवारात उरलेल्या सुमारे १५ हजार म्होंगांना अमेरिकेने घ्यायचं ठरवलं. सेंट पॉलचे तेव्हाचे महापौर रँडी केली स्वतः तिकडे पाहणीला गेले. या वेळी आलेल्यांच्या स्वागताला त्यांचेच काका-मामा होते, शाळेत त्यांची भाषा बोलणारे शिक्षक होते, दवाखान्यात म्होंग परिचारिका. सरकारी पैसा होताच, फक्त या वेळी तो नात्यागोत्यांच्या वाटेने गेला.

‘पडीक जमिनी फुलवल्या’ हे ऐकायला छान. सेंट पॉलच्या शनिवारच्या बाजारात मी ज्या आजींकडून कारली, मिरच्या आणि गवती चहा घेते, त्यांच्यासारख्या बहुतेकांची जमीन भाड्याची असते, करार वर्षाच्या बोलीवर. पुढच्या वर्षी मालक जमीन बिल्डरला देणार की नाही हे माहीत नसेल तर फळझाडं कोण लावणार? म्हणून वर्षानुवर्षं फक्त हंगामी भाजी. शहराच्या आसपासच्या बाजारांत निम्म्याच्या घरात विक्रेते म्होंग, आणि तरी पायाखालची जमीन दुसऱ्याची. २०११मध्ये शेतकऱ्यांनीच हमोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशन काढली. तिच्याकडे आज १५५ एकर आहेत. ती जमीन आधी भाडेपट्ट्याने मिळाली आणि पुढे विकत घेतली ती राज्य सरकारचा पैसा घेऊनच.

जाता जाता एक : पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला पर्यटक ‘अस्सल आमिश’ (जुन्या साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ) म्हणून गोधड्या विकत घेत, त्यांतल्या कितीतरींचं बारीक टाक्यांचं काम म्होंग बायकांच्या हातचं होतं. कष्ट त्यांनी केलेच, पण नाव बऱ्याचदा दुसऱ्याचं लागलं.

राहिली ‘एका पिढीत संपलेली गरिबी’. १९९०च्या जनगणनेत अमेरिकेतले दहापैकी सहाहून अधिक म्होंग दारिद्र्यरेषेखाली होते. २०००मध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास. उतार मोठा आहे, पण ‘संपली’ म्हणणं खोटं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये सेंट पॉलने काओली हर यांना महापौर म्हणून निवडलं, त्या लाओसमध्ये जन्मलेल्या. त्याच वर्षी छावणीत जन्मलेल्या, तान्हेपणी इथे आलेल्या काही म्होंगांना जुन्या गुन्ह्यांचं कारण देऊन लाओसला पाठवलं गेलं. काहींनी तो देश त्याआधी पाहिलाही नव्हता. संदेशातल्या फोटोत ही माणसं मावत नाहीत.

हे सगळं थोडक्यात गटात लिहिलं. काकांचं उत्तर पाच मिनिटांत आलं : “असेल बाई, पण प्रेरणादायी आहे की!” आणि त्याखाली लगेच दुसरं : “शनिवारी बाजारात जाणार असलीस तर त्या आजींकडची दोन पौंड कारली आमच्यासाठी आण.”