२५२० हा चमत्कार नव्हे, लसावि आहे

रामानुजन यांच्या नावाने वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश माझ्या आठवीतल्या भाचीने गणित दिनाच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्यातला दावा असा : १ ते १० या सर्वांनी नि:शेष भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असे जगभरचे गणिती मानत होते, रामानुजन यांनी २५२० शोधून त्यांना थक्क केले, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार २५२० येतो, हे तिचे ‘रहस्य’ आहे.

पहिले विधान धादांत खोटे आहे. १ पासून १० पर्यंतच्या संख्या एकमेकींशी गुणल्या की ३६,२८,८०० येतात आणि त्यांना त्यातल्या प्रत्येकीने भाग जाणारच. प्रश्न उरतो तो अशा सर्वांत लहान संख्येचा. दहाच्या आत २ चा सर्वांत मोठा घात ८, ३ चा ९, शिवाय ५ आणि ७; ८ × ९ × ५ × ७ = २५२०. शाळेत यालाच लसावि म्हणतात, आणि तो कसा काढावा हे युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात सुमारे २३०० वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. जे गणित मुलीला वहीत स्वतः सोडवता येते, तेच अलौकिक म्हणून तिच्या गळी उतरवले जाते, याचा मला मनस्वी संताप येतो.

दिनदर्शिकेच्या रहस्यात तर काहीच दम नाही. ३० × १२ म्हणजे ३६० दिवस, आणि वर्ष तेवढ्या दिवसांचे नसते. ग्रेगरी दिनदर्शिकेचे ४०० वर्षांचे चक्र १,४६,०९७ दिवसांचे असते. ही संख्या विषम असल्यामुळे तिला २५२० ने भाग जाणेच शक्य नाही.

रामानुजन यांचा २५२० शी काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येत नाही, हे मान्य करायला हवे. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९१५ साली आलेल्या त्यांच्या प्रदीर्घ निबंधात, आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना अधिक विभाजक आहेत अशा संख्यांचा अभ्यास आहे. २५२० ला ४८ विभाजक आहेत, म्हणून ती तिथल्या कोष्टकात आहे. पण अनेकींपैकी एक म्हणून. अशा संख्येचे मूळ अवयव लहानाकडून मोठ्याकडे मांडले तर त्यांचे घातांक चढत जात नाहीत आणि ४ व ३६ सोडल्यास शेवटच्या अवयवाचा घातांक १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांचे मोठेपण या सिद्धतेत आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही.

त्या कोष्टकातली शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८०० आहे. तिला १०,०८० विभाजक आहेत आणि १ ते २८ पर्यंत प्रत्येकाने भाग जातो. तिला २३ ने भागले की २,९३,३१,८६,२५,६०० मिळते. ५,०४० विभाजकांची ही संख्याही कोष्टकात हवी होती, पण ती त्यांच्या नजरेतून निसटली.