स्टेल्व्हिओ राहू दे, आधी बेलाजिओहून चढून दाखव

मे महिना आला की पुण्याहून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "ताई, सप्टेंबरमध्ये इटलीत येतोय, सायकल भाड्यानं घेणार, स्टेल्व्हिओ करायचाय." करायचाय! जसं काही आधार कार्ड अपडेट करायचंय. आल्प्समधल्या या घाटाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, डोंगरावर कुणी शेवया वाळत घातल्यासारखी ती ४८ वळणं. नऊ वर्षं मी उत्तर इटलीतल्या मोंझात राहतेय आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. ते कुणालाच आवडत नाही. स्टेल्व्हिओ सोपा आहे.

चिडू नका, ऐका तरी. लांब आहे, मान्य. पायथ्याच्या प्रातो गावाकडून २४ किलोमीटर, माथा २७५७ मीटरवर, वर हवा विरळ, पाऊस लागला तर हाल. पण तो रस्ता कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यासाठी बांधला. त्यावरून गाड्या आणि फौजा जायच्या होत्या. घोड्यांना झेपावं म्हणून चढ मोजूनमापून ठेवलेला, सरासरी साडेसात टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साडेसात मीटर वर, आणि फारसा हलत नाही. एकदा गिअर लागला, श्वास बसला की तुम्ही फक्त पेडल मारत राहायचं. मनात जमाखर्चसुद्धा मांडता येतो, मी मांडलाय.

आपल्याकडेही हेच आहे की. बोरघाटाचा रस्ता इंग्रजांनी गाड्यांसाठी काढला, म्हणून तो वळणं घेत घेत, अंगाला न लागता वर जातो. नाणेघाट त्याच्या कितीतरी आधीचा, माणसांसाठी आणि ओझ्याच्या जनावरांसाठी, म्हणून तो सरळ पायऱ्याच चढतो. कुणासाठी बांधला यावर घाटाचा स्वभाव ठरतो.

आणि आल्प्सच्या अलीकडे, मैदान संपून डोंगर सुरू होतात त्या पट्ट्यात, ज्याला इथले लोक प्रेआल्पी म्हणतात, तिथले बरेच रस्ते नाणेघाटाच्या जातीचे आहेत. या गावातून त्या गावात, चर्चपासून कुरणापर्यंत. खेचर जिथून गेलं तिथूनच पुढे डांबर गेलं. उंची हजार-बाराशे मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीएवढीच. नकाशात बघितलं तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. कोमो सरोवर दोन पाय फाकून उभं आहे ना, त्या दोन पायांच्या मधला त्रिकोण म्हणजे माझं अंगण.

त्या त्रिकोणाच्या टोकावरच्या बेलाजिओ गावाहून गिझाल्लो घाटाचा चढ घ्या. ८.६ किलोमीटर, सरासरी ६.२ टक्के. कागदावर वाचून आपला पुणेकर म्हणतो, हॅः, सिंहगड चढणाऱ्याला काय सांगता! पण सरासरी हा आकडा थापाड्या आहे. सुरुवातीचे तीन-चार किलोमीटर नऊ-दहा टक्क्यांचे, मध्येच चौदा. मग अचानक सपाटी, वर थोडा उतारसुद्धा, तेवढ्यात पाय गार पडतात, आणि शेवटी पुन्हा भिंत. त्या सपाटीमुळे सरासरी सभ्य दिसते. गेल्या वर्षी आलेल्या एका मित्राच्या भाड्याच्या सायकलला मागच्या गिअरची सगळ्यात मोठी चकती २८ दातांची (दात जितके जास्त, तितकं पेडल हलकं). मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, दुकानात जाऊन बदलून घे. "अगं, सहा टक्के तर आहे." मग ग्वेल्लोच्या अलीकडे एका भिंतीला टेकून हा बसलेला, गुडघा चोळत, आणि शेजारच्या अंगणातल्या आजी त्याला पाणी देतायत. इटालियनमध्ये रागावतही होत्या. त्याला कळत नव्हतं, मला कळत होतं.

माथ्यावर ७५४ मीटरला मादोन्ना देल गिझाल्लोचं, म्हणजे गिझाल्लोच्या मेरीमातेचं, चॅपल आहे. एवढंसं, आपल्या गावाकडच्या मारुतीच्या देवळाएवढं. दंतकथा अशी की गिझाल्लो नावाच्या सरदाराला या वाटेवर दरोडेखोरांनी गाठलं आणि मादोन्नानं वाचवलं. मला पहिल्यांदा ऐकताच बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. त्याची गोष्ट उलटी, इंग्रजांना वाट दाखवल्याबद्दल त्याला जीव गमवावा लागला असं सांगतात, पण घाटात देव लागतोच. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी या मादोन्नाला सायकलस्वारांची रक्षक म्हणून अधिकृत मान्यता दिली. तेव्हापासून आत भिंतींवर सायकली आहेत. कोप्पीची, बार्तालीची, मर्क्सची, अशा जुन्या दिग्गज रेसरांच्या. आपल्याकडे नवस फेडायला घंटा बांधतात, इथे सायकल आणि जर्सी.

त्यात एक सायकल वाकडी झालेली आहे. फाबिओ कासार्तेल्लीची. इथून खालच्याच आल्बेझे गावचा मुलगा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण. १९९५ च्या तूर द फ्रान्समध्ये पिरेनीजमधल्या पोर्ते द आस्पेच्या उतारावर पडला आणि गेला, चोविसाव्या वर्षी. मी दर वेळी आत जाते. पेडलला अडकणाऱ्या क्लीटचे बूट त्या फरशीवर खटखट वाजतात म्हणून चवड्यांवर चालायचा प्रयत्न करते, तो नेहमी फसतो. त्या सायकलीचं वाकलेलं पुढचं टोक बघते आणि बाहेर येऊन ब्रेक दाबून बघते. दोन्ही. मग उतरते.

उतारांबद्दल कुणी विचारत नाही, हीसुद्धा माझी तक्रार आहे. चढ म्हणजे पराक्रम, उतार म्हणजे बक्षीस, असं वाटतं सगळ्यांना. इथल्याच सोर्मानोहून सरोवराकाठच्या नेस्सोकडे उतरताना २०२० च्या लोम्बार्दिया सायकल शर्यतीत बेल्जियमचा रेसर रेम्को एवेनेपूल पुलाच्या कठड्याला धडकून दरीत पडला, कमरेचं हाड मोडलं. जगातल्या सर्वोत्तमांपैकी एकाची ही गत. तुम्ही भाड्याच्या सायकलवर, अनोळखी ब्रेक, झाडाच्या सावलीतला ओला पाला. एरवी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या या शर्यतीला इथे गळत्या पानांची शर्यत म्हणतात. ऐकायला काव्य आहे, चाकाखाली शेवाळ आहे.

आणि सोर्मानोचा मूरो. मूरो म्हणजे भिंत. गावाच्या वर मुख्य रस्ता सोडून झाडीत शिरणारी गल्ली, दोन किलोमीटरही नाही, सरासरी जवळपास सोळा टक्के, काही ठिकाणी पंचवीसच्या वर. १९६० ते ६२ अशी तीन वर्षं ती शर्यतीत होती, मग काढली, कारण रेसर सायकलवरून उतरायला लागले आणि बघे त्यांना मागून ढकलायला लागले. २०१२ मध्ये परत आणली. आता रस्त्यावरच उंचीचे आकडे रंगवलेत, एकेका मीटरला एक. चढताना मान खाली असते, त्यामुळे दुसरं काही दिसतच नाही. आकडा, आकडा, आकडा. एक मीटर चढलात, अभिनंदन, आता पुढचा.

तीन वेळा मी तिथे उतरून चालले. हो, चालले. पहिल्या वेळी चेन पडली असं घरी सांगितलं होतं, ते खोटं होतं. चालताना क्लीट घसरतात, सायकलवर कोपर ठेवून तिला ढकलायचं, पोटऱ्या पेटलेल्या. तिसऱ्या वेळी मागून एक आजोबा आले, पंचाहत्तरीचे तरी असतील, जुनी पोलादी सायकल. तेही उतरलेले होते! आम्ही दोघं शेजारी शेजारी चालत वर. मी धापा टाकत म्हटलं, लाज वाटते हो. ते म्हणाले, "कसली लाज? माझ्या काकांनी इथे, या वळणावर, एका रेसरला ढकलला होता. मी लहान होतो, बघितलंय. काका मरेपर्यंत सांगायचे की ती शर्यत त्यांनी अर्धी जिंकली होती."

चौथ्या वेळी चढले. पूर्ण. सगळ्यात हलक्या गिअरवर, चालण्याच्या वेगानं, मागे ३४ दात लावून. फोटो नाही, कारण फोन काढायला हात मोकळा नव्हता आणि वर पोचल्यावर मी गवतात आडवी होते.

तर सप्टेंबरमध्ये येणाऱ्या तिघांना उद्देशून. स्टेल्व्हिओ करा, मी येते हवं तर, वर सॉसेज छान मिळतात. पण आधीचे दोन दिवस माझ्याकडे राहायचं. मागच्या गिअरची मोठी चकती ३४ दातांची हवी, दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. आणि चितळ्यांची बाकरवडी आणा, आजोबांना द्यायचीय. ते रविवारी असतात मूरोवर.